अ कशाचा?

उमरखेड
७ जुलै २०२५

आदरणीय नरहरकाका,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही.

मी गझाला, जफर मेकॅनिकची मुलगी. शोभाबाईंच्या पहिलीच्या वर्गात तिसऱ्या रांगेत बसायची ती. बाई इथल्या शाळेत होत्या तेव्हा तुम्ही दर शनिवारी विद्यापीठातून एसटीने यायचात, आणि तुमची इथली स्कूटर आठवडाभर अब्बांच्या गॅरेजमध्ये उभी असायची. परवा मी फोन केला तर तुम्ही दोनदा विचारलंत, "कोण, गॅस एजन्सी?" मग बाईंनी फोन घेतला आणि म्हणाल्या, यांना आता ऐकू येत नाही, तू पत्र लिही, कागद ते सोडत नाहीत. म्हणून हे पत्र.

माझा बी.ए.चा शेवटचा निकाल २ जुलैला लागला. सगळे विषय मिळून एकाहत्तर टक्के आहेत आणि मी नापास आहे. पदवीसाठी पर्यावरणाचा एक प्रकल्प करावा लागतो. त्याला गुण नसतात, फक्त श्रेणी असते, पण तो पूर्ण केल्याशिवाय पदवी मिळत नाही. माझ्या गुणपत्रिकेत त्यापुढे छापून आलंय, "अनुपस्थित". काका, १२ मार्चला मी वर्गासमोर वीस मिनिटं उभी राहून बोलले. उमरखेडच्या गॅरेजमधलं जळकं ऑइल कुठे जातं, हा माझा विषय होता. त्यासाठी मी अकरा गॅरेजं पायी फिरले.

यवतमाळला बी.एड.ला माझा नंबर लागला आहे, पण तात्पुरता. ३० ऑगस्टपर्यंत पास झाल्याची गुणपत्रिका दाखवली नाही तर जागा गेली. कॉलेजचे बाबू रामसिंग म्हणाले, "बाई, कंप्युटरनं एकदा गैरहजर म्हटलं का मंग तू हजर असून काय फायदा? पुढच्या साली दे."

अब्बा म्हणतात, "नरहरसाहेबाले लिही. परीक्षा विभागात जिंदगी काढली त्या मान्सानं." म्हणून लिहिलं. खरं सांगते, मला फार भीती वाटते आहे.

तुमची,
गझाला


बाभुळगाव
१२ जुलै २०२५
जावक क्र. १

चि. गझाला हिस अनेक आशीर्वाद.

वरचा क्रमांक पाहून हसू नकोस. मी घरच्या पत्रांनाही जावक क्रमांक देतो. किराण्याच्या यादीलाही द्यायचो, पण ते तुझ्या बाईंनी बंद पाडलं.

आता नीट वाच. तू रामसिंगशी तोंडी बोललीस, ही पहिली चूक. ऑफिसात तोंडी बोललेलं म्हणजे अळवावरचं पाणी. सरकारी काम आणि सहा महिने थांब असं लोक म्हणतात, पण ज्याच्या हातात आवक क्रमांक असतो त्याला कोणी फार काळ थांबवू शकत नाही. तर प्राचार्यांच्या नावे अर्ज कर. दोन प्रती ने. एक त्यांना द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. क्रमांक मिळेपर्यंत खिडकी सोडायची नाही. अर्जात एवढंच माग, की प्रकल्पाच्या श्रेणींचा जो तक्ता कॉलेजने विद्यापीठाला पाठवला, त्याची प्रत मिळावी. रडगाणं लिहू नकोस. तुझ्या अश्रूंना आवक क्रमांक मिळत नाही.

निकालापासून तीस दिवसांत विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे दाद मागता येते. म्हणजे तुझ्याकडे १ ऑगस्टपर्यंत वेळ आहे. तिथे नाही म्हणाले तर तक्रार निवारण समिती आहे. तिच्यासमोर विद्यार्थ्याला स्वतः उभं राहून बोलता येतं आणि सोबत एक माणूस नेता येतो. हे नियम पुस्तकात छापलेले आहेत, पण पुस्तक कपाटात असतं आणि किल्ली रामसिंगकडे.

घाबरू नकोस. परीक्षा विभागात मी एकतीस वर्षं काढली, तिथल्या कागदांची नस मला कळते. तक्ते सोपे करून मी विद्यापीठाची निम्मी शाई वाचवली म्हणून कुलसचिवांनी दिलेलं प्रशस्तिपत्र अजून भिंतीवर आहे. बाई त्यावरची धूळ मुद्दाम पुसत नाहीत, ती गोष्ट वेगळी.

तक्ता मिळाला की त्यात काय दिसतं ते कळव.

तुझा,
नरहरकाका


उमरखेड
१९ जुलै २०२५

आदरणीय काका,

आवक क्रमांक २१४! कागद समोर घेऊन लिहिते आहे.

आधी मी आमच्या कॉलेजच्या विद्यार्थी सहाय्य केंद्रात गेले. बाहेर पाटी आहे, आत स्नेहसंमेलनाच्या खुर्च्या रचलेल्या आहेत. पाटीवरचा फोन लावला तर तो कॅन्टीनमध्ये वाजला आणि किती चहा पाठवू असं विचारलं. मग खिडकीवर गेले. रामसिंगबाबू म्हणाले, अर्ज ठेवून जा. मी म्हणाले, नंबर द्या. ते जेवायला गेले, मी उभी राहिले. ते जेवून आले, मी उभीच होते. शेवटी म्हणाले, "तुले हे कोणं शिकोलं?" आणि शिक्का मारला.

चार दिवसांनी तक्ता मिळाला. नेहमीचे पर्यावरणाचे सर यंदा रजेवर होते, म्हणून मराठीच्या अनघा मॅडमनी प्रकल्प तपासले होते. सर श्रेणी इंग्रजीत लिहायचे, मॅडम सगळं मराठीतच लिहितात. माझ्या नावापुढे त्यांच्या सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं, "अ".

मी चिडून त्यांच्या घरी गेले. मॅडम, मी हजर होते, तुम्ही अनुपस्थित का लिहिलंत, असं दारातच विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं वेडे, मी तुला अ श्रेणी दिली. वर्गात सगळ्यांत चांगला प्रकल्प तुझा होता."

काका, वर्गात शेहेचाळीस जण आहेत. ब आणि क मिळालेले एक्केचाळीस जण पास. अ मिळालेले आम्ही पाचही जण गैरहजर. जितका चांगला प्रकल्प तितका पक्का नापास! बाकीच्या चौघांना वाटत होतं की चूक आपलीच असेल. बबिता राठोड पुढच्या वर्षीचा फॉर्म भरायला निघाली होती. गुंजनने तर घरी पास झाले म्हणून सांगितलं, आईने गल्लीत पेढे वाटले, आणि गुणपत्रिका तिने गादीखाली लपवली आहे.

रामसिंगबाबूंनी कपाटाच्या दारावर चिकटवलेलं १९९४ सालचं एक पिवळं परिपत्रक दाखवलं. त्यात लिहिलं आहे, "यापुढे अनुपस्थित असे पूर्ण न लिहिता केवळ 'अ' लिहावे." विद्यापीठात तक्ता भरणाऱ्याने तेच वाचलं असणार. कोण्या दीडशहाण्याच्या डोक्यातून हे निघालं, काका? तुम्ही तिथेच होतात, तुम्हाला माहीत असेल.

लवकर लिहा. आता पुढे काय?

तुमची,
गझाला


उमरखेड
५ ऑगस्ट २०२५

आदरणीय काका,

सतरा दिवस झाले, तुमचं पत्र नाही. पोस्टमन आता मला पाहून लांबूनच मान हलवतो.

तुम्ही शिकवल्याप्रमाणे मीच पुढे गेले. आम्ही पाचही जणांनी २५ जुलैला परीक्षा विभागाकडे अर्ज केला. अनघा मॅडमनी 'ही श्रेणी आहे' असं लेखी दिलं. १ तारखेला उत्तर आलं: "महाविद्यालयाने पाठविलेल्या नोंदीनुसार निकाल योग्य आहे. नोंदीत पश्चात बदल करता येणार नाही." त्यांना वाटतं, मॅडमनी आमची कीव येऊन आता अर्थ बदलला. मॅडम त्या दिवशी स्टाफरूममध्ये रडल्या.

मी लगेच तक्रार निवारण समितीकडे अपील केलं. सुनावणी १८ ऑगस्टला, सकाळी अकराला. अब्बा सोबत येतो म्हणतात, पण समितीसमोर ते काय बोलणार? मी तुमचं नाव मनात धरलं होतं.

मी काही चुकीचं लिहिलं का? की केस हरलेली आहे आणि तुम्हाला ते सांगवत नाही? तसं असेल तर तसं लिहा, वाईट वाटणार नाही. वाटेल, पण लिहा.

तुमची,
गझाला


बाभुळगाव
८ ऑगस्ट २०२५

प्रिय गझाला,

हे पत्र मी लिहिते आहे हे काकांना माहीत नाही. याला जावक क्रमांक नाही.

तो दीडशहाणा आमच्याच घरात आहे. १९९४ सालचं ते परिपत्रक यांनीच तयार केलं होतं. भिंतीवरचं प्रशस्तिपत्र त्याचंच. तुझं पत्र आलं त्या दिवशी यांनी ते भिंतीवरून उतरवलं आणि पलंगाखालच्या पेटीत ठेवलं. तेव्हापासून रोज तुझं पत्र काढून वाचतात, लिहायला बसतात, "चि. गझाला हिस" एवढं लिहून कागद फाडतात. काल मला म्हणाले, "शोभा, करायला गेलो गणपती अन् झाला मारुती. पाच पोरं माझ्या हातानं नापास झाली. त्या पोरीले मी तोंड कसं दाखवू?" चाळीस वर्षांच्या संसारात मी या माणसाला एवढं गप्प पाहिलेलं नाही, आणि तुला ठाऊक आहे, मी त्यांच्या गप्प बसण्यासाठी किती नवस बोलले असेन.

तू शहाणी आहेस. वर्गातही तू दुसऱ्याची पाटी फुटली तर आपली पुढे करायचीस. काय लिहायचं ते तुझं तू ठरव.

तुझी,
शोभाबाई


उमरखेड
१२ ऑगस्ट २०२५

आदरणीय काका,

तुमची तब्येत बरी नसेल असं समजून मीच पुन्हा लिहिते.

मी त्या परिपत्रकावर खूप विचार केला. मागच्या पत्रात रागाच्या भरात दीडशहाणा वगैरे लिहिलं, ते मागे घेते. मी अनघा मॅडमना विचारलं, १९९४ साली श्रेणी होत्या का? त्या म्हणाल्या, नव्हत्या. तेव्हा सगळीकडे फक्त आकडे. पर्यावरणाचा प्रकल्प आणि त्याची श्रेणी कितीतरी वर्षांनी आली. म्हणजे ज्याने तो नियम लिहिला, त्याच्या काळी तक्त्यात 'अ' चा अर्थ एकच होता. त्याचं काहीच चुकलं नाही. चुकलं त्यांचं, ज्यांनी श्रेणी आणल्या आणि जुनं परिपत्रक रद्द करायला विसरले.

पण हे मी सांगितलं तर समिती म्हणेल, एकवीस वर्षांच्या मुलीला १९९४ चं काय कळतं? तेव्हाचा कोणी माणूस उभा राहिला आणि "त्या अक्षराचा अर्थ मला माहीत आहे" म्हणाला, तर मात्र ऐकावंच लागेल. असा माणूस तुमच्या ओळखीचा असेल तर त्याला माझा सलाम सांगा. आणि सांगा, की गझालाला त्याचा राग नाही. तिला त्याची गरज आहे.

१८ तारखेला सकाळी साडेदहाला आम्ही विद्यापीठाच्या मोठ्या फाटकापाशी असू.

तुमची,
गझाला


उमरखेड
१९ ऑगस्ट २०२५

आदरणीय शोभाबाई,

काकांनी घरी येऊन सगळं सांगितलंच असेल, पण त्यांनी फक्त स्वतःचं बोलणं ऐकलं. बाकीचे काय म्हणाले ते मी लिहिते.

साडेदहाला फाटकाशी पोचले तर काका आधीच उभे होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, काखेत ते प्रशस्तिपत्र, चौकटीसकट, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. मला म्हणाले, "तुझ्या बाईंनी पत्र लिहिलं होतं ना तुला? पोस्टाचं एक तिकीट कमी होतं." बाई, तुमची चोरी पकडली गेली.

आत लांब टेबल, पलीकडे पाच जण. मधल्या बाई अध्यक्ष. मी आमचं म्हणणं मांडलं आणि माझा प्रकल्प पुढे ठेवला. त्याच्या पुठ्ठ्यावर अब्बांच्या अंगठ्याचा ऑइलचा ठसा आहे, माझ्या नकळत त्यांनी मार्चमध्ये उचलून बघितला होता. एका सरांनी तो हुंगला आणि म्हणाले, गैरहजर माणसाच्या वहीला एवढा वास येत नाही. पण शेजारचे सदस्य म्हणाले, वही नंतरही आणता येते, आम्हाला नोंद बघावी लागते, आणि नोंदीत 'अ' आहे.

तेवढ्यात काका उभे राहिले. आपण कोण, असं अध्यक्षबाईंनी विचारलं. त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी चौकट उघडून टेबलावर ठेवली आणि बोलायला लागले. एक सदस्य म्हणाले, काका, बसून घ्या. ऐकू आलं नाही. दुसरे म्हणाले, वेळ संपली. तेही नाही. शेवटी सगळे गप्प झाले, कारण दुसरा इलाजच नव्हता. बाई, आयुष्यात बहिरेपणाचा असा उपयोग कोणी केला नसेल.

ते म्हणाले, "१९९४ चं परिपत्रक मी लिहिलं. खाली साहेबाची सही हाय, पण मजकूर माझा. हे त्याचं बक्षीस. तवा श्रेणी नव्हती. श्रेणी आली त्या दिवशी हा कागद रद्द व्हायले पाहिजे होता. मी तवा नोकरीतच होतो, माह्या ध्यानात आलं नाई. तुमच्याही आलं नाई." मग त्यांनी तक्ता उचलला, माझ्या नावावर बोट ठेवलं आणि नियमावर बोट ठेवणाऱ्या त्या सदस्यांकडे गेले. "साहेब, हे काय लिहिलं हाय?"

ते म्हणाले, अ.

"अ कशाचा?"

सदस्य म्हणाले, "नुसत्या एका अक्षरावरून आम्ही ते कसं सांगणार?"

हे काकांना ऐकू आलं नाही. मला आलं. मी उठले आणि म्हणाले, "सर, तुम्हाला सांगता येत नाही, तर मग आमचं वर्ष कसं घेतलं?"

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, पुसला, आणि शेजारच्या लेखनिकाला म्हणाल्या, "हे वाक्य जसंच्या तसं नोंदवा." मग काकांकडे बघून हात जोडले. काकांना वाटलं, हाकलताहेत. ते चौकट गुंडाळू लागले, तर अध्यक्षबाईंनीच थांबवलं आणि प्रशस्तिपत्राची एक प्रत काढून घेतली.

निर्णय लेखी मिळणार आहे. बाहेर आल्यावर काका मला एवढंच म्हणाले, "पोरी, तुझं शेवटचं बोलणं मले ऐकू नाई आलं. पण त्यायचे चेहरे दिसले." मी तिथे रडले. फाटकाबाहेर अब्बांनी त्यांना मिठी मारली आणि इस्त्रीच्या सदऱ्याला ऑइल लागलं. ते डाग धुऊ नका, बाई. धुऊन जातही नाहीत.

तुमची,
गझाला


बाभुळगाव
२८ ऑगस्ट २०२५
जावक क्र. २

चि. गझाला हिस,

आदेशाची प्रत परवा मिळाली. तुलाही मिळालीच असेल, पण मला माझ्या हाताने लिहायची आहे, म्हणून लिहितो. "सर्व पाच अर्जदारांचे निकाल दुरुस्त करण्यात यावेत. श्रेणी अ. उत्तीर्ण. दुरुस्त गुणपत्रिका तीन दिवसांत द्याव्यात. सन १९९४ चे परिपत्रक रद्द. यापुढे अनुपस्थित हा शब्द पूर्ण लिहावा."

पाच अक्षरं. मी ती एका अक्षरावर आणली होती, तू पुन्हा पाचावर नेलीस. माझी सगळी वाचवलेली शाई वाया गेली आणि इतका खूश मी निवृत्तीच्या दिवशीही नव्हतो.

चौकटीतून प्रशस्तिपत्र काढलं. त्यात आता आदेशाची प्रत आहे. बाई सकाळपासून दोनदा काच पुसून गेल्या.

तुझ्या १९ जुलैच्या पत्राला उत्तर द्यायला मला धीर झाला नाही, याची माफी मागतो. एका मुलीला खिडकीवर उभं राहायला सांगून मी स्वतः घरात लपलो. तू मला ज्या पत्राने बाहेर काढलंस, त्या पत्राला मी आवक क्रमांक एक दिला आहे. ते आधी आलेल्या तीन पत्रांच्या पुढे जातं, हे नियमात बसत नाही. बसू दे नाहीतर न बसू दे.

३० तारीख चुकवू नकोस.

तुझा,
नरहरकाका


यवतमाळ
१० सप्टेंबर २०२५

आदरणीय काका आणि बाई,

२९ तारखेला रामसिंगबाबू गुणपत्रिका घेऊन स्वतः गॅरेजवर आले. कधी नव्हे ते त्यांनीच सही मागितली, "मिळाली म्हणून लिहून दे, तारीख टाक." अब्बांनी त्या दिवशी दुरुस्तीला आलेल्या सगळ्या गाड्यांचे हॉर्न एकदम वाजवले, अर्धा बाजार धावत आला. अम्मी चुलीवरचं तसंच टाकून आली. गुंजनच्या आईने पुन्हा पेढे वाटले. गुंजन म्हणते, आधीचे खोटे होते, हे खरे. बबिता पुसदला एम.ए. करते आहे. सहाय्य केंद्रातल्या खुर्च्या प्राचार्यांनी हलवल्या. तिथे अनघा मॅडम आता आठवड्यातून दोनदा बसतात, आणि त्यांच्या टेबलावर नियमांचं पुस्तक उघडं असतं.

३० तारखेला दुपारी दोनला मी इथे कागद दिले. आवक क्रमांक घेतला. खिडकीवरचा माणूस वैतागला, पण दिला.

काल वर्गाचा पहिला दिवस होता. सरांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. माझा नंबर सदतिसावा. छत्तीस नावं मी बोटांवर मोजत होते, उगाचच. मग सरांनी पूर्ण नाव घेतलं, शेख गझाला शेख जफर. बाई, तुम्ही पहिलीत शिकवलं होतं ना, नाव आलं की उभं राहायचं, मान वर ठेवायची आणि खणखणीत बोलायचं? तशी मी उभी राहिले. इथे कोणी उभं राहत नाही, सगळे वळून बघायला लागले. बघू दे.

मी म्हणाले, "हजर."

जरा जोरातच म्हणाले, काका. बाभुळगावापर्यंत आलं असेल. तुम्हाला नसेल ऐकू आलं, तर बाईंना विचारा.

तुमची,
गझाला, बी.ए.